वरच्या आळीतले एकेचाळीस

रक्तदाब मोजायचा रबरी फुगा थंडीत ताठरतो. दोन घटका मुठीत धरून ऊब दिली की मग नीट दबतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दोन हिवाळ्यांत हातालाच कळलं होतं. आज सकाळी बेगायिम म्हणाली, "ताई, हे कुठे लिहून ठेवलंय का? अहवालात घालायला हवं," तेव्हा ताजागुलला इतकं बरं वाटलं, की ती उगाचच धुतलेले पेले पुन्हा पुसत बसली. बावन्न वर्षांच्या बाईनं फुग्याला दिलेली ऊब, आणि ती अहवालात... आता दुपारी सासऱ्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळतानाही ते आठवून तिला हसू येत होतं. पण त्या हसण्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. त्याला हात लावायचं ती टाळत होती.

दोन वर्षं झाली. ती, तिची थोरली जाऊ उर्कुया आणि धाकटी जाऊ, अशा तिघी पाळीपाळीनं, एक महिना एकीचा, वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब घरोघरी जाऊन मोजत आल्या होत्या. प्रत्येकीची वही वेगळी. बेगायिम राजधानीतल्या, बिश्केकच्या संस्थेतली, एकोणतीस वर्षांची पोर; पण आकडे उचलून गाडीत बसणाऱ्यांतली नव्हे. तिनं या तिघींना सरासरी काढायला शिकवलं, आलेख काढायला शिकवला, आणि एकदा चहाबरोबर तळलेले बोरसोक खाता खाता सहज म्हणाली, तुम्ही मदतनीस नाही हां, संशोधक आहात, लेखावर चौघींची नावं लागतील. वसंतात खिंडीपलीकडच्या खोऱ्यातल्या बायकांना हे शिकवायला ताजागुलनं जायचं, असंही ठरत आलं होतं. कुठला कोट घालून जायचं हे तिनं ठरवूनसुद्धा ठेवलं होतं—कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण ठेवलं होतं.

आणि मग सकाळी दवाखान्याच्या खोलीत बेगायिमनं संगणकावरून मान वर केली.

"ताई, वरच्या आळीत म्हातारी माणसं किती?"

"एकेचाळीस."

"माझ्याकडे त्र्याण्णव निघतायत."

"थंडीनं वाढली असतील," उर्कुया म्हणाली.

बेगायिम हसली, पण नेहमीसारखी नाही. तिन्ही वह्या उघडून तिनं शेजारी शेजारी ठेवल्या, आणि ताजागुलला एका क्षणात सगळं दिसलं. नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्याचं नाव सुनेनं तोंडात आणायचं नाही, कागदावर तर नाहीच. आणि वरची आळी म्हणजे सगळी एकाच कुळाची, सगळेच वडीलधारे. मग लिहायचं कसं? तिनं लिहिलं होतं 'राखी घोडेवाले'. घोडा विकला गेल्यावर उर्कुयानं त्याच माणसाला लिहिलं 'पुलाजवळचे'. धाकटीनं 'चष्मेवाले आजोबा'. बोलण्यात कधी घोटाळा झाला नव्हता, कोण कोण ते तिघींना डोळे मिटून ठाऊक होतं. संगणकात मात्र एका माणसाची दोन-दोन, तीन-तीन माणसं होऊन बसली होती.

"हे बघा," बेगायिम पडद्यावर बोट ठेवत म्हणाली, "हे 'आमचे मोठे'. पहिल्या महिन्यात एकशेशहाऐंशी, मग गायबच. हे 'थोरल्या घरचे', मध्येच उगवले, एकशेसाठ. आणि हे 'दाराशी बसणारे', एकशेअडतीस. यांना तर कधी काही झालेलंच नाही."

ते तिघंही म्हणजे तिचे एकटे सासरेच होते. गोळ्या कोंबड्यांना टाकणारे, मीठ कमी केलं म्हणून आठ दिवस तिच्याशी न बोललेले, आणि मग हळूहळू, रोज सायीच्या वाटीशेजारी ठेवलेली गोळी काही न बोलता घ्यायला लागलेले... तो सगळा हिवाळा, ती सगळी मनधरणी त्या पडद्यावर कुठेच नव्हती. त्या त्र्याण्णवांत बरं असं कुणी झालंच नव्हतं.

बेगायिमनं समजावून सांगितलं—एकाच कागदावर खरी नावं, समोर तिघींनी लिहिलेली नावं. तो कागद कुलपात राहील, छापला जाणार नाही. पण तो हवाच. गाडी चारला निघते, अहवाल उद्या द्यायचा. "नाहीतर ताई, वरची आळी वगळावी लागेल मला." वरची आळी वगळली तर उरतं काय? आणि खिंडीपलीकडे जायचं ते कशाच्या जोरावर? "आणते," ताजागुल म्हणाली. उर्कुयानं टेबलाखाली तिचा पाय दाबला. धाकटी बाळंतपणाला माहेरी गेलेली, तिची वही बेगायिमनं हातात ठेवली, आणि ताजागुल तिन्ही वह्या छातीशी धरून घरी आली.

दंडावरच्या पट्ट्यातली हवा सुटली. एकशेछत्तीस.

"किती?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकशेछत्तीस, मामंजी."

"पोराचं रक्त आहे. तोंड का उतरलंय तुझं? मेलो असतो तर समजू शकलो असतो."

तिनं सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस आधी नीट ऐकत होता, मग त्याचे खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे मी एकटा तीन जणांचं जेवतोय म्हण की. तुझी सासू हेच म्हणायची." आणि मग टोपी सारखी करून बसत ते म्हणाले, "घे पेन. मी सांगतो, तू लिही. पाप माझ्या डोक्यावर."

तिनं डोक्याचा रुमाल नीट केला. पहिल्या नावाला हात अडखळला, दुसऱ्याला जरा कमी. ते पुलापासून सुरुवात करून घरामागून घर घेत वर सरकत होते. ती प्रत्येकापुढे वहीतली नावं वाचून दाखवत होती, आणि ते मध्येच थांबून म्हणत होते, "'शांत आजोबा'? तो? अगं, त्याच्या शिव्यांनी खालच्या आळीतली कुत्री पळायची." तिला हसू आवरेना. एकतीस वर्षं ज्यांच्यापुढे मान खाली घालून चहा ओतला, ती माणसं आज पोरं होऊन, भांडत, प्रेमात पडत, घोड्यावरून पडत तिच्या कागदावर येत होती. अहवालात याला जागा नव्हती... नसू दे, तिला तर मिळालं.

चाळीस झाले. तीन वाजून गेले होते.

आता उरलं होतं एक, सासऱ्यांचं स्वतःचं. त्या नावात 'लोखंड' हा शब्द येत होता, म्हणून एकतीस वर्षं तिनं लोखंड हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता. खालच्या आळीतल्या गरोदर बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या देतानाही ती 'काळी गोळी' म्हणायची, आणि आता अख्खं गाव त्यांना काळी गोळीच म्हणतं. ती पेन टेकवून वाट पाहत राहिली.

सासऱ्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. हे मी लिहितो. तू सांग."

"मामंजी..."

"गेल्या वसंतात तुर्दुकुल गेला ना, माझ्या बरोबरीचा शेवटचा," ते म्हणाले. सकाळी दंव पडलं होतं हे सांगावं, तसं. "त्यानंतर मला नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही."

पेन त्यांच्या बोटांत गेलं होतं. टोक कागदावर, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. बहुधा तिला सोपं जावं म्हणून. एकतीस वर्षं ते नाव आपण जपलं, असं तिला वाटत आलं होतं. तोंडातून कधी निसटू दिलं नाही याचा थोडा अभिमानसुद्धा होता. आणि ते खोटं नव्हतं, प्रेमच होतं ते... पण सगळं घर, सगळी आळी मान देत राहिली, आणि त्यात एका माणसाला हाक मारायचं राहूनच गेलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते निराळंच. लेकीला माहेरच्या अंगणात वाटावं तसं मोकळं वाटलं. आपण म्हणणार आहोत की नाही, हे तिचं तिलाही अजून माहीत नव्हतं. मनातल्या मनात तिनं एकदा ते म्हणून पाहिलं, आणि तेव्हा तिला कळलं, की मनातसुद्धा आजवर ती त्यांना मामंजीच म्हणत आली होती. ती पुन्हा एकदा म्हणाली, मनातच, सावकाश. किती साधं, चांगलं नाव होतं.