विजयमालाच्या वर्गातला गुंडाळी फळा

मित्रांनो, मी जुना फळा हाय खरा, पन भितीवरचा न्हवं. मी काखंत मारून न्यायचा फळा. गुंडाळी फळा म्हनत्यात मला. जाड कापड, त्याच्यावर काळ्या रंगाचे चार हात, वर एक लाकडी दांडकं आन खाली एक. दोरी सोडली की उलगडलो, दोरी बांधली की चटईवानी गुंडाळलो.

मला शिकलेला समजू नका बरं. पाच वर्सं माझ्या अंगावर इंग्रजी लिव्हलं गेलं, पन सूर्यभान सर जेवढं तोंडानं मोठ्यांदा बोलायचे तेवढंच मला कळायचं. त्यातलंबी निम्मं डोक्यावरून जायचं. पन एक गोष्ट मला नीट कळाली. ती सांगायलाच तोंड उघडलंय.

नगरच्या एका बोळात एका म्हाताऱ्यानं मला घडीवलं. रंगाचा एक हात द्यायचा, वाळवायचा, काचकागदानं घासायचा, परत हात द्यायचा. "खडू बसला पायजे, घसरला न्हाई पायजे," असं सोताशीच बडबडायचा. चौथ्या दिशी त्यानं माझ्यावर तळहात फिरीवला आन म्हनाला, "हां. आता जा." एवढंच कौतिक, पन मला ते लई दिस पुरलं.

तिथून यष्टीच्या टपावर बसून मी पाथर्डीच्या बाजूला एका गावात आलो. हायस्कूल नवं हुतं, खोल्या कमी. अकरावीचा, म्हंजी मॅट्रिकचा, वर्ग भरायचा धान्याच्या जुन्या गोदामात. भिती दगडाच्या, वाकड्यातिकड्या, लाकडी फळा टेकायचा न्हाई. म्हनून मी. सूर्यभान सर इंग्रजी शिकवायचे. सोता कोरडवाहू शेतकऱ्याचं पोर, सायकलीवर जाऊन शिकल्यालं. रोज सकाळी मला काखंत मारून आनायचे, संध्याकाळी घरी न्यायचे, वल्ल्या फडक्यानं पुसायचे, सावलीत वाळवायचे. पोरं म्हनायची, "सर बायकोला जपत न्हाईत एवढं फळ्याला जपत्यात." सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पन मिशीत हसायचे.

मानूस वाईट न्हवता, मित्रांनो. हे आधी सांगून ठिवतो, कारन पुढं मला त्याचं वाईट सांगायचंय.

मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या सालची गोष्ट. अकरावीत एकवीस पोरं हुती आन दोन पोरी. त्यातली एक विजयमाला. बन्सी आन दगडाबाईची थोरली. दर साली दसरा झाला की आईबाप बैलगाडी जुपून राहात्याकडं उसतोडीला जायचे, ते थेट चैतात परत. पोरगी मागं आत्याकडं ऱ्हायची. आत्या मुक्ताबाई. तिच्या चुलीपाशी बसून पोरगी पाठ करायची. इंग्रजीत तिचा हात धरनारं त्या वर्गात कुनी न्हवतं. बोलायची गावठी, पन डोस्कं कातरीवानी चालायचं. एकादी गोष्ट कळाली न्हाई तर तिला बसवत न्हवतं, हात वर व्हायचाच.

भाद्रपदात शाळा तपासायला साहेब आले. खुर्ची टाकून मागं बसले. सरांनी त्या दिशी धुतलेला सदरा घातला हुता. माझ्यावर झोकात लिव्हलं आन वाचून दाखीवलं, "दोन नामं जोडून आली, की पुढचं, म्हणजे पहिलं, नाम नेहमी एकवचनी. शू शॉप. दुकानात जोडे शंभर असतील, पण शू एकच. मँगो ट्री. झाडाला आंबे हजार असतील, पण मँगो एकच. लक्षात ठेवा. नेहमी!"

विजयमालाचा हात वर.

"सर, मग गुड्स ट्रेन?"

"काय?"

"बेलापूरच्या ठेसनात मी बारकी असताना बघितलीया सर, आईबापासंगं जाताना. मालगाडी. तिला गुड्स ट्रेन म्हनत्यात, पाटीवर तसंच लिव्हलं हुतं. त्यात एस हाय की. आन आपल्याच शाळेचा स्पोर्ट्स डे? पुस्तकात सेव्हिंग्ज बँक हाय, तिथंबी एस हाय. ते का न्हाई एकटं?"

मागून साहेबच बोलले, "मास्तर, पोरगी नेमकं बोलली. सांगा की."

सरांचा खडू माझ्या अंगावर कट्टकन मोडला. सरांला त्याचं उत्तर ठाऊक न्हवतं. मी त्यांच्या बोटाखाली हुतो, मला ती बोटं कळत हुती. एवढंच म्हनायचं हुतं, पोरी, बघून सांगतो. पन साहेब बघत हुते, पोरं बघत हुती.

"त्या पाट्या रंगवणाऱ्यांच्या चुका असतात," सर म्हनाले. "बस खाली."

साहेब खदखदून हसले. "म्हणजे सगळ्या देशातल्या रंगाऱ्यांनी मिळून एकच चूक केली म्हणायची!"

सगळा वर्ग फुटला. सहादेव नावाचं एक आगाव पोर तर बाकावरून खाली पडलं. विजयमाला हसली न्हाई. ती सरांकडं बघत हुती, आपुन काय केलं ते तिला कळंना.

त्या दिशी सरांनी मला कोरड्या फडक्यानं पुसलं. पहिल्यांदाच. पुढं पंधरा दिस सरांनी तिच्या बाकाकडं बघितलं न्हाई. तिनं हात वर केला की ते सहादेवाला उठवायचे. मग तिचा हात वर येईनासा झाला.

दसरा चार दिसांवर आला आन बन्सी शाळंत आला. पागोटं काढून हातात, चपला उंबऱ्याभाईर. पोरं घरी गेली हुती. सर मला गुंडाळत हुते.

"रामराम सर. एक इचारायचं हुतं."

"बोला बन्सीभाऊ."

"आमची दगडाबाई कमरंतून गेलीया. मोळी उचलत न्हाई तिला. आन कोयता म्हंजी जोडी असती सर, एकट्या गड्याला मुकादम टोळीत घेत न्हाई. घरचं म्हनत्यात पोरीला न्या, पोरगी जोडीला लागंल." बन्सी पागोट्याची घडी चाचपत ऱ्हायला. "पन ती म्हनती परीक्षा हाय. तिला नर्शीचं शिकायचंय म्हनं. मी आडानी मानूस. मला त्यातलं काय कळतंय? तुमी सांगा. पोरगी पास व्हत आसंल तर मी चुलतभावाचे पाय धरतो, त्याच्या पोराला जोडीला घेतो, कायबी करतो. तुमी न्हाई म्हनला तर नेतो. तुमचा शबूद."

मी अर्धा गुंडाळलेला, अर्धा लोंबत हुतो. सरांचे हात थांबले. मला वाटलं आता म्हनतील, बन्सीभाऊ, पोरगी पैली येईल. त्यांला ते ठाऊक हुतं! वर्गातल्या बाकाला ठाऊक हुतं!

"तिचं इंग्रजी काही खरं नाही," सर म्हनाले. मग माझी गाठ मारता मारता म्हनाले, "न्या."

बन्सीनं हात जोडले. "उपकार झाले सर. मनात खुटखुट हुती, गेली." आन चपला घालून गेला.

सर लई वेळ तिथंच उभे हुते. मला वाटलं मागं पळतील, हाक मारतील. मारली न्हाई. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी गाड्या गेल्या.

परीक्षेचे फारम भरायचा दिस आला. हेडमास्तरांनी नावं वाचली. विजयमालाच्या नावाशी थांबले, म्हनाले, "ही गेली ना तोडीला? काटा." सरांनीच काट मारली. त्या दिशी त्यांनी माझ्यावर एक अक्षर लिव्हलं न्हाई. पोरांला म्हनाले, वाचत बसा.

पौषात माझा रंग उडाला म्हनून सर मला नगरला घेऊन गेले. काम झालं, पन ते यष्टीला गेले न्हाईत. मला काखंत मारून एका म्हाताऱ्या रिटायर मास्तरांच्या घरी गेले. दाढीचे खुंट पांढरे, डोळ्यात मोतीबिंदू, आख्खा जन्म इंग्रजी शिकवलेला मानूस. सरांनी पोरीचा सवाल तसाच्या तसा घातला.

म्हातारे खूश झाले. "कुणी विचारलं हे? विचारणारा हुशार आहे हो. हे बघा, इंग्रजीत पुढं बसणारं नाम बहुतेक एकटंच बसतं. शू शॉप, तुमचं बरोबर. पण काही शब्द घोळक्यानंच राहतात. गुड्स म्हणजे माल. त्याचा एस काढला तर माल राहत नाही, नुसतं चांगलं राहतं. क्लोद्स म्हणजे कपडे, तेही तसंच. असले शब्द दुसऱ्याच्या पुढं बसताना आपला घोळका घेऊन बसतात. सेव्हिंग्ज, स्पोर्ट्स, सगळी तीच तऱ्हा."

"म्हणजे नियम आहे," सर म्हनाले.

"अर्धामुर्धा. काही ठिकाणी दोन्ही चालतं, काही ठिकाणी का चालतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही." म्हातारे चहा पीत सहज म्हनाले, "नाही ठाऊक. काय करणार!"

मित्रांनो, सरांच्या काखंत मी हुतो. ते 'नाही ठाऊक' ऐकलं आन सरांचं अंग असं हाललं, जसं कुनी धक्का दिला. एवढं सोपं हुतं ते. चहाच्या घोटासंगं म्हनता येत हुतं.

सर घरी गेले न्हाईत. राहात्याची यष्टी धरली.

दुपारच्याला बन्सीची टोळी इचारत इचारत आमी उसाच्या फडात पोचलो. कडंला ऱ्हायला उसाच्या पाचटाच्या कोप्या, बैलं, चुली. बाया मोळ्या बांधत हुत्या. धोतरातला मानूस काखंत काळी गुंडाळी घेऊन येताना बघून एक म्हातारी वरडली, "आगं, पडदेवाला आला! काय रं भाऊ, आमच्या महालाला पडदा लावतू का?" सगळ्या हसल्या. तिच्याच मागं विजयमाला उभी हुती. डोक्याला फडकं, हातात कोयता, दोन्ही हातांवर पाचटाचे वरखडे.

"सर?"

सरांनी मला एका बैलगाडीच्या साटीला, माल भरायच्या चौकटीला, टांगलं. घाम आल्याला. खिशातून खडू काढला. बन्सी धावत आला, त्याला वाटलं कुनी मेलं.

"बन्सीभाऊ, सगळ्यांनी ऐका," सर म्हनाले. "या पोरीनं मला भर वर्गात एक विचारलं होतं. मला ठाऊक नव्हतं. रंगाऱ्यांची चूक म्हणालो ते खोटं होतं. आणि तुम्हाला म्हणालो तिचं इंग्रजी खरं नाही, तेही खोटं. रागानं म्हणालो. माझ्या वर्गात तिच्यासारखं कुणी नव्हतं."

मग सरांनी माझ्यावर लिव्हलं, शू शॉप, गुड्स ट्रेन, आन म्हाताऱ्यानं सांगितलं ते सगळं सांगितलं. घोळका घेऊन बसनारे शब्द. बायांला काय कळालं आसंल देव जाने, पन कुनी हाललं न्हाई.

विजयमाला ऐकत हुती. ऐकता ऐकता तिनं कोयता खाली ठिवला. मला वाटतंय तिला कळालंबी न्हाई ठिवल्यालं.

"पन सर, ट्राउझर्स?"

"काय झालं?"

"तीबी घोळक्यानंच ऱ्हाती की. एस बिगर तिला कुनी म्हनत न्हाई. मग धड्यात ट्राउझर पॉकेट का? तिथं कुठं गेला एस?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. आन हसले, डोळ्यात पानी आन हसले. "ठाऊक नाही गं पोरी. खरंच ठाऊक नाही."

विजयमालाबी हसली. लई दिसांनी मी तिला बघितलं हुतं, आन तसं हसताना तर पैल्यांदाच.

"मार्चची तारीख गेली," सर घाईनं म्हनाले. "पण ऑक्टोबरची परीक्षा आहे. फॉर्म मी भरतो. पुस्तकं मी आणतो. बन्सीभाऊ, तुम्ही फक्त हो म्हणा."

बन्सी मातीकडं बघत ऱ्हायला. मानूस रागावला न्हाई, ते जास्त वाईट.

"सर, उशीर केला तुमी. टोळीतल्या गोरक्षला दिलीया पोरगी. चैतात लगीन हाय. त्येचीबी आई थकली, त्येलाबी जोडी पायजे हुती. सुपारी फुटली." मग हळूच म्हनाला, "मी आलो हुतो की सर तुमच्याकडं. तुमीच म्हनला, न्या."

मुकादमानं लांबून हाळी दिली, टरक आल्याली. बाया उठल्या. विजयमालानं कोयता उचलला.

"सर, तुमी आला, लई झालं," ती म्हनाली. "दुसऱ्या कुनी इचारलं तर त्येला सांगा."

सर मला सोडवायला आले, दोरीला हात लावला आन काढला. मला तिच्यापाशीच ठिवून मोकळ्या हातानं रस्त्याला लागले. पोरीनं मला पुसलं न्हाई. मला कोपीला दार म्हनून लावलं; त्या दोन ओळी आठ दिस तशाच हुत्या, मग दहिवरानं गेल्या.

तवापासून मी तिच्या संसारात हाय. उसाच्या फडात दार झालो, गाडीत आथरून झालो. औंदा तिचं तान्हं लेकरू बांधावर झोपतं, त्याच्यावर ऊन येऊ नये म्हनून दोन काठ्यांवर मला ताणत्यात. रंगाच्या खपल्या पडल्या. खालचं दांडकं चुलीत गेलं. माझी त्याला हरकत न्हाई. लेकराला सावली मिळती.

मित्रांनो, फळा संभाळा, वल्ल्या फडक्यानं पुसा, उन्हात टाकू नका, हे तर तुमाला सगळेच सांगत्याल. मी दुसरं सांगतो. उद्या तुमी मोठे व्हाल, तुमच्यातलं कुनी मास्तर व्हईल, कुनी साहेब. एकांदा बाप चपला उंबऱ्याभाईर काढून तुमच्याफुडं उभा ऱ्हाईल आन पोरीचं इचारील. तवा आपला राग आदी गिळा, मग तोंड उघडा. माझ्यावर लिव्हल्यालं काय बी असू द्या, फडक्याच्या एका हातानं जातं. सरांनी तो 'न्या' शब्द माझ्यावर लिव्हला न्हवता.