काकूंची पाठ

सहाय्यक अभिनेत्रीच्या यंदाच्या पुरस्कारासाठी काकूंचं नाव आलं आणि निर्मात्याच्या ऑफिसातून मला फोन. "त्यांची वीस सेकंदांची क्लिप पाठवा. चेहरा नीट दिसेल अशी."

चेहरा म्हणे! या सिनेमाची संकलक मी. अख्खा सिनेमा दोनदा पाहिला. काकू हिरोची आई, एकोणीस सीन. पण काकूंनी तोंड उघडलं की पडद्यावर हिरो! बोलतात काकू, डोळे भरतात हिरोचे. काकूंच्या वाट्याला पाठ, अंबाडा आणि अर्धा कान. डोकंच फिरलं माझं. दिग्दर्शक मागे उभा राहून "हिरोवर राहा, हिरोवर राहा" म्हणत होता हे खरं, पण कात्री माझ्याच हातात होती ना!

इस्त्रीचा सीन मला पक्का आठवत होता. मुलगा घर सोडून निघालाय, आई त्याचा शर्ट इस्त्री करतेय. हिरोचा क्लोजअप चालू असताना काकू कॅमेऱ्यामागे उभ्या राहून दर वेळी जीव ओतून बोलल्या. काकूंचा क्लोजअप लागला तेव्हा हिरोसाहेब केव्हाच निघून गेले होते. मग काकू हिरोच्या जागी ठेवलेल्या स्टँडला चिकटवलेल्या पट्टीशी बोलल्या. "कॉलर राहिलीये रे, थांब जरा." पट्टीकडे बघून! आणि तो शॉट मी काढून टाकला.

मी काकूंना फोन लावला. "तो शॉट पाठवू? सिनेमात नाहीये. कळलं तर नाव बाद होईल."

"होऊ दे गं. पाठीला बक्षीस घेऊन काय करू मी?" मग म्हणाल्या, "पण तो गेला कसा?"

"राहून गेला," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

समारंभात काकू माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. पडद्यावर त्यांचा चेहरा आला. कॉलरवरून इस्त्री फिरत राहिली, ओठ थरथरले.

पुढच्या रांगेतून निर्माता गर्रकन वळला. "हा शॉट सिनेमात नाहीच! आणला कुठून? घालवलंस ना त्यांचं बक्षीस!"

"जिथे टाकला होता तिथून आणला," मी ओरडले. "मीच टाकला होता!"

काकूंनी हात काढून घेतला. स्टेजवर भलतंच नाव पुकारलं गेलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"पुढच्या वेळी कापायच्या आधी फोन कर."