अकरा म्हशी

सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावर राहणारी निलम राठोड कॉम्प्युटरवर अगदी खरी वाटतील अशी जनावरं बनवते. पुण्याच्या एका स्टुडिओनं तिला दहा सेकंदांचं दृश्य दिलं होतं. नदीतून अकरा म्हशी बाहेर येतात, एवढंच. पण त्यात दोनशे चाळीस चित्रं होती आणि एकेका चित्राला मशीन चाळीस मिनिटं घेत होतं. अखंड चाललं तरी जवळजवळ सात दिवस. आज सोमवार होता आणि काम शुक्रवारी द्यायचं होतं.

निलमला बसवेना. पंख्याचं तोंड मशीनकडे वळव, पडद्यावरचा आकडा बघ, अंगणात जा, परत ये, असं चाललं होतं.

"काहून अशी घिरट्या घालून राहिलीस?" शिलावहिनीनं विचारलं.

"एकेका म्हशीला दोन लाख केस दिलेत, वहिनी. त्यातच मशीन अडकून बसतंय."

"मंग कमी कर ना केस."

"कमी केले की म्हैस रबराची दिसते."

दुपारी वीज गेली. चौदावं चित्र अर्ध्यावरच गेलं. निलमनं चप्पल घातली आणि स्कूटी काढून थेट धरण गाठलं.

म्हशी राखणारे पुंजाजी आपल्या म्हशी पाण्यातून काढत होते. निलम घोट्याएवढ्या चिखलात उभी राहून बघत राहिली.

"काय बगून राहिलीस, बाई? म्हशी कधी पाह्यल्या न्हाईत का?"

"पाह्यल्या, काका. पण बराबर न्हाई पाह्यल्या."

ओल्या अंगावर केस चिकटून बसले होते. नुसती काळी कातडी चमकत होती. सुटे केस दिसले ते पुढच्या म्हशीच्या कानांवर आणि शेपटीच्या गोंड्याला. मागच्या म्हशी तर पाठीमागून येणाऱ्या उन्हात सावल्याच झाल्या होत्या.

घरी वीज आल्यावर तिनं दहा म्हशींचे सगळे केस काढून टाकले आणि कातडीला ओली चमक दिली. पुढच्या म्हशीचे फक्त कानांवरचे आणि गोंड्याचे केस ठेवले. चित्र नऊ मिनिटांत तयार झालं. तिचा विश्वास बसेना. जुनं-नवं शेजारी ठेवून तिनं वहिनीला हाक मारली.

"ही जास्त ओली दिसते," वहिनी नव्या चित्राकडे बोट करून म्हणाली.

बुधवारी पडद्यावर एका शेपटीनं शेजारच्या म्हशीच्या पोटातून उडी घेतली. तेवढी सहा चित्रं निलमनं पुन्हा काढली. शुक्रवारी सकाळी काम पाठवलं आणि दुपारपर्यंत फोन हातातून सोडला नाही. उत्तर एका शब्दाचं आलं. पसंत.

तिनं घरच्यांना बोलावून दृश्य लावलं. म्हशी बाहेर आल्या, पडदा काळा झाला.

"झालं? इतकंच?" वहिनी म्हणाली.

निलमनं ते परत लावलं.