इंदुमती शेवडे या नावाने

हेमंताचं क्षीण, पांडुर ऊन बाल्टिकच्या पाण्यावर उतरलं होतं. शिशाच्या रंगाचा समुद्र, शिशाच्या रंगाचं आकाश. आणि दोहोंच्या मधे पोलंडमधल्या ग्दान्स्क बंदरातल्या उत्तुंग क्रेन, ध्यानस्थ बगळ्यांसारख्या निश्चल.

त्या बंदरात जहाजांचे आराखडे काढणारी बेळगावची शर्वाणी ओक खिडकीशी उभी होती. हातातल्या फोनवर बँकेचा निरोप होता. भारतातून तिच्या नावे पैसे आले होते, इंदुमती शेवडे यांच्याकडून. नाव अनोळखी. रक्कम छाती दडपवणारी. आणि या बाई तुमच्या कोण, हे कळेपर्यंत बँकेने ती अडवून धरली होती.

कोण ही इंदुमती? संशयाची एक बारीक, शीतल, सर्पिल रेघ शर्वाणीच्या मनातून सरकत गेली. कुणा भामट्याने टाकलेला हा गळ? कुणाचा काळा पैसा? आणि आपला खाते क्रमांक? तो तर फक्त बाबांना ठाऊक. आणि बाबा वैशाखात गेले.

तिने बेळगावला भावाला फोन लावला.

"आलेत तर घे ना, शरू," निरंजन म्हणाला. "मीही घेतले."

"पण ही बाई कोण?"

निरंजनने आवाज खाली आणला.

"बाबांच्या ओळखीच्या. आई गेल्यानंतरच्या. लोक बोलायचे, म्हणून तुला नाही सांगितलं."

ओळखीच्या! त्या एका शब्दामागे किती अंधारी दालनं, किती लोटलेली दारं! काय घेतलं असेल या बाईने बाबांकडून, आणि आता काय विकत घेते आहे? शर्वाणीने भावाकडून त्या बाईंचा नंबर घेतला आणि लावला. पलीकडचा आवाज वयस्कर होता, खर्जातला, सावध.

"हे पैसे कसले?" शर्वाणीने नमस्कारही केला नाही.

"तुझ्या बाबांनी एक ठेव माझ्या नावे केली होती. ती तुम्हा भावंडांची. मला नको."

"आणि बदल्यात काय हवंय तुम्हाला?"

"काही नाही गं."

"माझा खाते क्रमांक कुणी दिला?"



"तू तिथे शिकत होतीस तेव्हा तुझी फी पाठवायला त्यांच्याबरोबर बँकेत मीच जायचे ना. आकडे मी वाचायचे. सही कुठे करायची, तिथे त्यांचा हात नेऊन ठेवायचे. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं, शर्वाणी. तुला सांगायचं नाही, अशी शपथच घातली होती त्यांनी मला."

दिसत नव्हतं.

दर रविवारी फोनच्या पडद्यावर बाबा किंचित बाजूला बघत हसायचे. "बारीक झालीस गं," म्हणायचे. तिला वाटायचं, फोन वाकडा ठेवलाय. आणि पडद्याच्या कडेपलीकडून एक हात यायचा, सुरकुतलेला, बांगडी नसलेला; फोन अलगद सरळ करून नाहीसा व्हायचा. ती समजायची, कामवाल्या बाई असतील.

संशय मात्र लगेच मेला नाही. त्याने फक्त दिशा बदलली. आपला वाटा मुकाट्याने घेऊन त्या बाईंचं नाव गिळणाऱ्या भावाकडे तो वळला; आणि मग, हळूहळू, फोनच्या पडद्यावर जे जे तिला दिसत आलं होतं त्या साऱ्याकडे.

दुपारी बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने विनम्रपणे विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

या देशाच्या भाषेत तिला शब्द सापडेना. मराठीतही सापडेना.

"घरच्या," ती अखेर म्हणाली. "माझ्या घरच्या आहेत."

बाहेर पायऱ्यांवर येऊन तिने पुन्हा फोन लावला. "पैसे मिळतील आता," एवढंच बोलली.

"बरं झालं," इंदुमतीबाई म्हणाल्या.

फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे बेळगावात दिवेलागण झाली होती. रिक्षाचा हॉर्न, कुठल्याशा देवळातली घंटा, आणि त्या साऱ्या कोलाहलाखाली एका वृद्ध स्त्रीचा श्वास. येत राहिलेला, जात राहिलेला, मंद, मंद, मंद.