मुदत संपलेली पाटी

मी पत्र्याची पाटी बोलतेय. लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या अलीकडं एक महाविद्यालय आहे. त्याच्या फाटकावर मी असते. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं : 'नॅक मूल्यांकित, श्रेणी सी प्लस'. वाचून जाणकार माणसं हसतात. हसू देत. ती श्रेणी कशी मिळाली हे त्यांना ठाऊक नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर हे महाविद्यालय पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालं. दहाएक वर्षांनी इमारत उभी राहिली आणि उमाशंकर कोरे सर प्राचार्य झाले. तेव्हा मूल्यांकन, म्हणजे नॅकच्या समितीकडून महाविद्यालय तपासून श्रेणी घेणं, ऐच्छिक होतं. आमच्या आसपास फारसं कुणी त्या वाटेला जात नव्हतं. कोरे सरांनी आपणहून अर्ज केला आणि सोबतच्या अहवालात उणिवांच्या जागी पहिलंच वाक्य लिहिलं, 'मुलींसाठी स्वच्छतागृह नाही.'

मी तेव्हा जन्मले नव्हते. पण शिवप्पा पेंटर माझ्यावर अक्षरं काढत होता तेव्हा शिपाई त्याला सगळं सांगत होता, ते मी ऐकलं. संस्थेचे सचिव भडकले होते म्हणे. "कुणी सक्ती केली न्हाय, काय न्हाय, अन् तुम्ही आपली इज्जत चव्हाट्यावर मांडता व्हय?"

"पोरी दोन तास झाले की घरी का जातात, ते मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही," सर म्हणाले. "तेच लिहायचं नसंल तर तपासायला बोलवायचं कशाला?"

समितीनं तीन दिवस सगळं पाहिलं आणि तेच लिहून दिलं. श्रेणी बेताचीच मिळाली. पण बाहेरच्यांनी लिहिलं म्हणून संस्थेला लाज वाटली आणि वर्षाच्या आत स्वच्छतागृह झालं. मुली दुपारीही थांबायला लागल्या. शेजारच्या गावाहून चालत येणारी श्रावस्ती बनसोडे त्यांतलीच एक. ती दुपारभर ग्रंथालयात वाचत बसायची. पुढं ग्रंथालयशास्त्र शिकून ती इथंच कंत्राटी ग्रंथपाल झाली.

श्रेणीची मुदत पाच वर्षांची असते. ती संपली, कोरे सर निवृत्त झाले. ऐच्छिक गोष्ट, कुणाला घाई नव्हती. फाटक रुंद केलं तेव्हा मला काढून ग्रंथालयातल्या कपाटाशेजारी टेकवून ठेवलं. बरीच वर्षं मी तिथंच धूळ खात होते.

दरम्यान काळ बदलला. ऐच्छिक हा शब्द कागदावर राहिला असेल, पण अनुदान असो की नवा विषय, जिथं जावं तिथं पहिला प्रश्न श्रेणीचा. संस्थेला विज्ञान शाखा काढायची होती. नवे प्राचार्य शिवकुमार हत्तरगे यांची धावपळ सुरू झाली. अहवालात पाच वर्षांची ग्रंथालयाची हजेरी मागितली होती. खरं तर वाचायला येणारे थोडेच. सरांनी पाच कोऱ्या वह्या आणून दिल्या. दर सालच्या प्रवेशाच्या यादीतली नावं पुढच्या तीन वर्षांच्या तारखांना उतरवायची, वेगवेगळ्या पेनांनी सह्या करायच्या. श्रावस्ती दोन दिवस ते करून घेत होती. मदतीला काही मुली बसवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी गौरी सुरवसे नावाच्या मुलीनं पेन खाली ठेवलं.

"मॅडम, ही सही म्या न्हाय करणार."

"काय झालं गं?"

"मुक्ता सुरवसे. ही माझी ताई हाय. कावीळ होऊन दोन वर्षांखाली गेली. अन् हितं लिवलंय, मागच्या फेब्रुवारीत ती वाचायला आलती."

श्रावस्तीनं सगळ्या वह्या मिटल्या आणि हत्तरगे सरांना तिथंच बोलावून घेतलं. ऐकून सरांचाही चेहरा उतरला.

"तेवढं नाव गाळा," ते हळूच म्हणाले.

"एक गाळून कसं चालंल, सर? बाकीच्या तरी कुठं आल्या होत्या?"

"मॅडम, श्रेणी मिळाली नाही तर विज्ञान शाखा येणार नाही. आसपास बारावी सायन्सच्या चाळीस पोरी आहेत. त्यांचे बाप त्यांना उमरग्याला पाठवतील असं वाटतं तुम्हाला? तुमच्या खरेपणापायी त्या घरी बसतील."

श्रावस्तीनं त्या पाच वह्या कपाटात घालून कुलूप लावलं.

समिती आली त्या दिवशी तिनं टेबलावर ग्रंथालयाची जुनी, खरीच हजेरीवही ठेवली. निम्म्याहून जास्त पानं कोरी होती. आणखीही बऱ्याच गोष्टी कमी पडल्या असतील, पण ठपका तिच्यावरच आला. श्रेणी मिळाली नाही. विज्ञान शाखा अडली. जूनमध्ये श्रावस्तीला पुन्हा नेमणूक मिळाली नाही. गावात कुणी म्हणतं तिनं बरोबर केलं, कुणी म्हणतं पोरींचं वाटोळं केलं. सकाळी उमरग्याला जाणारी एसटी फाटकासमोर थांबते. त्या चाळीसांपैकी सहाजणी तीत चढतात. बाकीच्या कुठं आहेत, मला दिसत नाही.

गेल्या महिन्यात मला पुन्हा बाहेर काढलं. म्हाताऱ्या शिवप्पालाच बोलावलं होतं. माझ्या खालच्या अंगाला मुदतीची ओळ होती, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत. तिच्यावर त्यानं निळा रंग फिरवला. श्रेणी तशीच ठेवली. काम होईस्तोवर त्यानं मान वर केली नाही.

मग मला पुन्हा फाटकावर लावलं. आता प्रवेश सुरू आहेत. परवा एक आई लेकीला घेऊन आली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "बघ, तपासलेलं कालेज हाय." मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण पत्र्याला वाऱ्यानं वाजण्यापलीकडं काय येतं?

म्हणून तुम्हाला सांगते. लेकीला घेऊन याल तेव्हा मला वाचून आत जाऊ नका. आत जाऊन विचारा, कधी तपासलं, काय कमी निघालं, पुढं काय केलं. उत्तर द्यायला कुणी चाचरलं, तर परत या आणि माझ्या तळाचा रंग नखानं खरवडा. मला दुखणार नाही.