हरकत असल्यास कळवावे

दंतवैद्यांच्या संघटनेचं पत्रक वर्षानुवर्षं टपालानं जायचं. पाकिटं, डिंक, पत्त्यांच्या चिठ्ठ्या, सगळा पसारा सचिवबाईंच्या दवाखान्यात, रुग्णांच्या बाकाखाली. यंदा अध्यक्षांनी फर्मान काढलं, आता सगळं ईमेलनं. अध्यक्षांची हयात कवळ्या बसवण्यात गेलेली, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना कवळीसर म्हणत.

सचिवबाईंनी मन लावून ईमेल लिहिले. उत्तर एकाचंही नाही. एका कार्यशाळेला तर शिकवणारे आले आणि शिकायला कुणीच नाही.

"सर, हे कुणी वाचतं तरी का?"

"दुसऱ्यांचं माहीत नाही. मी शब्द न् शब्द वाचतो," हातातल्या साच्यावरून नजर न काढता सर म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. मागच्या ईमेलात सरांचंच नाव चुकलं होतं. ते दिसलं असतं तर बाईंची धडगत नव्हती.

वार्षिक सभेच्या सूचनेत त्यांनी गाड्या लावायची जागा आणि चहाची वेळ यांच्या मधोमध एक ओळ घुसवली. 'यंदा अध्यक्षांचे भाषण होणार नाही. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.' सरांचं भाषण तासभर चाले. खुर्चीत अडकलेल्या रुग्णाला काय वाटतं, हे दंतवैद्यांना कळे ते तेव्हाच.

मसुदा आधी सरांकडे गेला. 'छान, पाठवा,' असं उत्तर आलं. बाईंनी पाठवला. शुक्रवारपर्यंत एकच उत्तर आलं, तेही सरांच्याच पत्त्यावरून. 'अजिबात हरकत नाही. उलट आभार.'

बाईंनी घाबरत घाबरत सरांच्या घरी फोन लावला. तो सरांच्या बायकोनं उचलला.

"वहिनी, सर फार चिडलेत का?"

"त्यांना कुठे काय पत्ता? त्यांची मेल मीच बघते. 'छान, पाठवा' पण माझंच." वहिनींनी आवाज खाली आणला. "अगं, ते भाषण मी रोज जेवताना ऐकतेय. तू आता माघार घेऊ नकोस."

सभेत सर कोटाचं बटण लावून, हातात कागदांची चळत घेऊन उठले. बाईही उठल्या.

"सर, भाषण रद्द झालंय. ईमेलात होतं. तुमची संमतीही आली."

वर्षभरात एकही ईमेल न उघडलेले एक डॉक्टर मागून म्हणाले, "हो हो, मी वाचलं होतं." लगेच शेजारच्यांनीही वाचलेलं निघालं. बघता बघता अख्ख्या सभागृहानं वाचलेलं निघालं.

सरांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत वहिनी अगदी मन लावून चष्मा पुसत होत्या.

"अर्थात," सर म्हणाले. "सूचना मुळात माझीच होती." आणि खाली बसले. टाळ्या इतक्या वाजल्या की त्यांना दोनदा उठून मान लववावी लागली. त्या वर्षी सगळ्यांना जेवण गरम मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सर संगणकासमोर येऊन बसले आणि त्यांनी बायकोला पासवर्ड विचारला. वहिनींनी तो लगेच सांगितला. फक्त एक आकडा बदलून.