माझ्या जागेवरचा लाल डबा

मी एक जुना ऑईल फिल्टर आहे, मित्रांनो. स्वभावानं हेवेखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी हकीकत ऐकताना तुम्हाला ते कळणारच आहे.

हल्लीच्या गाड्यांना फिरवून बसवायचा बंद डबा असतो, तसा मी नाही. मी जाड पत्र्याचं खोल भांडं आहे. इंजिनाच्या कुशीला, तोंड वर करून मला टांगलेलं असायचं. माझ्या पोटात घड्या घातलेल्या कागदाची नळी बसायची. इंजिनात फिरणारं ऑईल धातूचा बारीक कीस, काजळी आणि धूळ घेऊन माझ्याकडं यायचं. कागद तो कचरा अडवायचा आणि साफ ऑईल पुढं जायचं. कागद मळला की बदलायचा, भांडं मात्र तेच. म्हणजे मीच.

माझी गाडी जुन्या जालन्यातल्या काकासाहेब वकिलांची. काळी, गोल पाठीची. अंबडच्या कोर्टाकडं, जाफराबादच्या खडबडीत रस्त्यानं ती सदा धावत असायची. कुठंही थांबली की माणसं गोळा व्हायची. कुणी चकचकीत बंपरवरून हात फिरवायचं, कुणी हॉर्न वाजवून बघायचं. मी खाली अंधारात, ऑईलनं माखलेला. माझा जीव तेव्हापासून जळायचा. बंपर करतो काय? उन्हात चमकतो. हॉर्न करतो काय? ओरडतो. आणि कौतुक सगळं त्यांचं!

फक्त काकासाहेब मला ओळखून होते. ते स्वतः मला खोलून रॉकेलनं धुवायचे. शेजारी त्यांची लेक प्रेमला उभी असायची. तिला ते म्हणायचे, "ह्या भांड्याकडं कुणी बघत न्हाई, प्रेमला. पण ह्यानं काम सोडलं तर बाकी नुसतं लोखंड." हे शब्द मी फार वर्षं जपले.

आणि इंजिन? इंजिन माझं होतं. त्याचं गरम ऑईल अंगातून गेलं की त्याला आज काय होतंय ते मला समजायचं. चढ लागला, पेट्रोल भेसळीचं निघालं, सगळं समजायचं. असा शेजार बंपरला कधी मिळाला नाही.

काकासाहेब गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. पुढं प्रेमलाताई शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी गाडी पुन्हा चालू करायची ठरवली. राधेश्याम मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी ढकलत नेली. राधेश्यामनं इंजिन उघडलं, साफ केलं, आणि मला हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं.

"ताई, ह्याचा कागद कुठंच मिळून न्हाई राह्यला. जालन्यात न्हाई, संभाजीनगरात बी न्हाई. हे काढू, मधी एक जोडपट्टी लावू आन् तिच्यावर नवीन डबा बसवू. जल्दी होईल काम."

"ह्या इंजिनाला चालेल ना पण?"

"आटे बराबर बसून राह्यले. बिलकुल चालंल."

तो डबा लाल होता. अंगावर एक ओरखडा नाही. राधेश्यामनं त्याच्या रबरी कडेला ऑईलचं बोट लावलं आणि हातानंच फिरवून घट्ट केला. माझ्यासाठी पाना लागायचा, ह्याला नुसता हात पुरला. जिथं मी जन्म काढला, तिथं हा आडवा होऊन बसला. प्रेमलाताईंनी मला एका पिशवीत घालून घरी आणलं आणि शेडमधल्या फळीवर ठेवलं. फळीवरून गाडी समोर दिसायची. ते आणखी वाईट. दिसलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

पहिल्याच सकाळी त्यांनी चावी फिरवली आणि इंजिनातून खडखड आवाज आला. थोडा वेळ वाजला, मग थांबला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ह्याचं कारण मला पक्कं माहीत होतं. माझं तोंड वर असायचं, त्यामुळं गाडी रात्रभर उभी राहिली तरी ऑईल माझ्यात भरलेलं असायचं. हा लाल डबा आडवा. आडव्या डब्यात ऑईल धरून ठेवायला रबराची पातळ झडप लागते. ती ह्याच्यात नव्हतीच. रात्रीतून तो रिकामा व्हायचा, आणि सकाळी इंजिनाला ऑईल पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासायचं. वाज, म्हटलं, आणखी वाज. कळू दे सगळ्यांना, कुणाला काढून कुणाला बसवलंय ते.

रोज आवाज वाढत गेला. एका सकाळी तो इतका कोरडा आला की माझा आनंद आटला. डब्याला काहीच होत नव्हतं. झिजत होतं ते माझं इंजिन.

प्रेमलाताईंचे यजमान गजाननराव चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"अगं, विकून टाक आता. लग्नाच्या लॉनवाला कल्याण किती दिवस मागून राह्यला. दारात उभी करतो म्हणतो. लोक फोटो काढतील, गाडीची शान राहील."

"आणि इंजिन?"

"उभ्या गाडीला इंजिन कशाला लागतं?"

प्रेमलाताईंनी इंजिन बंद केलं. मग त्या उतरल्या, फळीवरून मला उचललं आणि शेजारच्या सीटवर ठेवलं. सीटवर! जन्मात मी पहिल्यांदा गाडीत वर बसलो.

गॅरेजात त्या म्हणाल्या, "राधेश्यामभाऊ, बाबांचाच फिल्टर परत लावा."

राधेश्यामनं खूप शोधाशोध केली. कुठल्याशा दुसऱ्या इंजिनाची कागदाची नळी आणली आणि माझ्यात बसवली. लाल डबा निघाला, मी माझ्या जागेवर गेलो. सकाळी इंजिन खडखडलं नाही. प्रेमलाताई हसल्या. आता बघावं त्या लाल तोंडानं, असं मला झालं.

पण पहिलं ऑईल अंगातून गेलं तेव्हाच मला समजलं होतं. कागद बोटभर आखूड होता. वरच्या फटीतून मळकं ऑईल गाळल्याविनाच निसटत होतं. तोंडाशी बसवलेली रबराची गोल कडीही जुनीच, कडक झालेली. तिच्यातून ऑईल थेंब थेंब गळत होतं. मी जागेवर होतो आणि माझं काम होत नव्हतं. तरीही ती जागा सोडावीशी वाटत नव्हती. मी सुटलो की तो लाल येणार, हेच डोक्यात.

गाडी घनसावंगीला जाऊन आली. उसाच्या ट्रॉल्यांमागची सगळी धूळ इंजिनानं खाल्ली आणि ती तशीच त्याच्या अंगात फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जमिनीवर काळा डाग दिसला. प्रेमलाताई वाकल्या, बोटानं ऑईल टिपलं आणि उन्हात धरलं. बोटावर धातूच्या किसाची बारीक चमचम होती.

राधेश्यामनं मला उघडलं आणि डोक्याला हात लावला.

"ताई, कागद आखूड पडला. मी उंची मापलीच न्हाई. तुम्ही जुनाच लावा म्हणल्या, मंग मी बी लावला."

"चूक माझीही आहे," प्रेमलाताई म्हणाल्या. "आधी तुम्ही आटे बघितले, मग मी बाबांची आठवण बघितली. इंजिनाला काय हवं ते दोघांनीही बघितलं नाही. आता बघू."

आणि मग दोघांनी खरंच बघितलं. राधेश्यामनं लाल डबा करवतीनं कापला. आत झडप नाही, हे त्यांना तेव्हा दिसलं. मग आटे जुळणारे वेगवेगळे डबे मागवले, त्यातलेही कापून बघितले. एकात झडप होती, पण कडक, चामड्यासारखी. एकाचा कागद विरळ. प्रेमलाताई एकेक विचारत होत्या: आडवा बसल्यावर ऑईल धरेल का? थंडीत ऑईल घट्ट झालं तर बाजूनं वाट देणारी दुसरी झडप आहे का, आणि ती फार लवकर उघडून मळकं ऑईल तर सोडणार नाही? शेवटी एक राखाडी डबा निघाला. दिसायला अगदी सुमार. त्याची झडप मऊ होती, बोटानं दाबली की वाकायची आणि परत जागेवर यायची. कागद दाट आणि नीट चिकटवलेला.

तसलाच दुसरा बसवला. ऑईल सगळं नवीन भरलं. मी पुन्हा फळीवर.

सकाळी प्रेमलाताईंनी चावी फिरवली. मी कान टवकारून होतो. खरं सांगतो, खडखड यावी असं मनाच्या एका कोपऱ्यात होतंच. ती आली नाही. इंजिन हळूच जागं झालं आणि एका सुरात चालू लागलं. हा आवाज मी काकासाहेबांच्या काळात ऐकला होता. गजाननराव दारात आले, ऐकत उभे राहिले, आणि जाऊन शेजारच्या सीटवर बसले. कल्याणचं नाव त्या दिवशी घरात निघालं नाही. गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, आवाज लांब गेला.

माझा हेवा संपला, असं मी म्हणणार नाही. त्या राखाडी डब्याचं ऑईल काळं झालं की त्याच्या जागी दुसरा येईल, आणि मी त्याच्यावरही जळेन. पण इंजिन चालतंय. फळीवर पडल्यापडल्या मी रोज ते ऐकतो.

म्हणून तुमच्याकडं एवढंच मागतो, मित्रांनो. तुमच्या घरी एखादं जुनं इंजिन असेल, गाडीचं असो, पंपाचं असो की ट्रॅक्टरचं, त्याला फिल्टर निवडताना रंगावर भुलू नका, आणि माझ्यासारख्या जुन्याच्या मायेवरही भुलू नका. तो कसा बसतो, काय धरतो, काय सोडतो, हे उघडून बघा. आणि सकाळी पहिल्यांदा चावी फिरवाल तेव्हा क्षणभर गप्प राहून ऐका. इंजिनाला बोलता येत नाही. ते खडखडतं, तेवढंच त्याचं मागणं असतं.